वॉटरफर्डचे मद्यचषक व हिलचें पत्र

आयर्लंडांतील वॉटरफर्ड येथील जुन्या पैलूदार मद्यचषकांविषयीं संग्राहकांत असा प्रवाद आहे कीं, ज्या कांचेंत निळसर झांक दिसते तीच अस्सल होय. आमच्या मतें हा प्रवाद त्याज्य आहे.

आयरिश कांचेच्या निर्यातीवरील बंदी इ. स. १७८० त उठली. पुढें १७८३ त जॉर्ज व विल्यम पेनरोज यांनीं हा कारखाना काढला. विद्या मात्र इंग्लंडांतील स्टौरब्रिजच्या जॉन हिलची. १७८६ त एका आरोपापायीं त्यास देश सोडावा लागला. जातांना त्यानें जोनाथन गॅचेल या कारकुनास व्यथित मनानें पत्र लिहिलें व कांचेच्या मिश्रणाचीं प्रमाणें त्याच्या हवालीं केलीं. हें एक पत्र आम्हांस शंभर चषकांहून मोलाचें वाटतें. तोच गॅचेल १७९९ त कारखान्याचा भागीदार झाला. १८२५ त आयरिश कांचेवर कर बसला. १८५१ त भट्टी विझली.

निळ्या झांकेचा प्रवाद डडली वेस्ट्रॉप यांनीं १९२० च्या आपल्या 'आयरिश ग्लास' ग्रंथांत खोडून काढला आहे. कांहीं सुरयांच्या तळाशीं 'पेनरोज वॉटरफर्ड' अशीं उठावाचीं अक्षरें आढळतात, तो पुरावा खरा. चषकांवर तशीं अक्षरें सहसा नसतात. म्हणून केवळ रंग पाहून चषकास वॉटरफर्डचें नांव देऊं नये. १९४७ त त्याच गांवीं निघालेला कारखाना तर निराळाच. जुन्याशीं त्याचा संबंध नांवापुरता.