कबरीवरचा भर्तृहरी

ऱ्हाइन नदीच्या काठी विंकेल नावाचं एक लहानसं गाव आहे. सगळा द्राक्षमळ्यांचा मुलूख. तिथल्या चर्चच्या आवारात एका जर्मन कवयित्रीची कबर आहे आणि कबरीच्या दगडावर काही ओळी कोरलेल्या आहेत. भाषा जर्मन, पण बोलणारा आपल्या ओळखीचा. तो भर्तृहरी आहे. वैराग्यशतकात पंचमहाभूतांना आई, बाप, मित्र अशी नाती लावून हात जोडून जो निरोप घेतला आहे, तोच या दगडावर आहे.

भर्तृहरी तिथवर पोचला कसा? चेन्नईच्या उत्तरेला पुलिकत नावाचं बंदर आहे. सतराव्या शतकात तिथं डचांची वखार होती. वखारीवरच्या आब्राहाम रोजेरियस या पाद्र्यानं पद्मनाभ नावाच्या ब्राह्मणाकडून भर्तृहरी समजून घेतला. दोघांचं बोलणं पोर्तुगीजमधून चाले. रोजेरियसचं डच पुस्तक १६५१ साली छापलं गेलं, १६६३ साली ते जर्मनमध्ये आलं. त्याच शतकात आपल्याकडे वामन पंडित ही शतकं मराठीत आणत होते. पुढं सव्वाशे वर्षांनी हेर्डर या जर्मन विचारवंतानं त्या जुन्या भाषांतरावरून पद्य रचलं आणि त्यातल्या ओळी सव्वीस वर्षांच्या एका मुलीनं आपल्या कबरीसाठी निवडून ठेवल्या.

तिचं नाव कारोलीने फॉन ग्युंडेरोडे. जन्म १७८० चा. २६ जुलै १८०६ रोजी याच विंकेलला, नदीकाठी, तिनं स्वतःचा जीव संपवला.

घराणं उमराव, पण पैशानं खंगलेलं. बाप लहानपणीच गेला. अशा घरांतल्या अविवाहित मुलींसाठी फ्रँकफर्टला एक आश्रमवजा संस्था होती, तिथं तिला सतराव्या वर्षी धाडलं. काळा पोशाख, येण्याजाण्याचे नियम. त्या खोलीत बसून ती शेलिंगचं तत्त्वज्ञान वाचत होती, रसायनशास्त्राची टिपणं काढत होती, कविता आणि नाटकं लिहीत होती. १८०१ मधल्या एका पत्रात मैत्रिणीला ती कळवते, की बायकी सद्‌गुणांत माझं मन रमत नाही, मला जे भव्य आहे, रानटी आहे ते ओढतं. १८०४ साली पहिलं पुस्तक निघालं, १८०५ साली दुसरं. मुखपृष्ठावर नाव होतं 'तियान'. बाईचं वाटू नये असं.

तिसरं पुस्तक 'मेलेटे' छापायला गेलं होतं. मध्ये क्रॉयट्सर हे गृहस्थ होते. हायडेलबर्गचे प्राध्यापक, पुराणकथांचे गाढे अभ्यासक आणि विवाहित. दोघांचं प्रेम होतं. त्यांनी पत्रानं संबंध तोडला आणि ती गेली. तिच्यामागं क्रॉयट्सरांनी ते पुस्तकही थांबवलं. त्यात आपण ओळखू येऊ, ही भीती. पुढं पुराणकथांवरच्या ग्रंथानं त्यांचं नाव युरोपभर झालं. 'मेलेटे' उजेडात आलं १९०६ साली. बरोबर शंभर वर्षं एक कवितासंग्रह अंधारात राहिला.

आता खरी गोष्ट इथून पुढची आहे. ती मेल्यावर जर्मन वाङ्मयाच्या अभ्यासकांनी तिचं काय केलं?

बेटीना फॉन आर्निम ही तिची मैत्रीण. तिनं १८४० साली दोघींच्या पत्रांवर रचलेलं एक पुस्तक लिहिलं आणि त्यात ग्युंडेरोडे विचार करणारी, वाद घालणारी, शिकवणारी दिसते. पण विद्यापीठांनी बेटीनालाही फारसं मनावर घेतलं नाही. १९१२ साली क्रॉयट्सरांनी तिला लिहिलेली पत्रं छापली गेली, त्या पुस्तकाचं नाव होतं 'ग्युंडेरोडेचं प्रेम'. पत्रं त्यांची, प्रेम तिचं! या नावातच सगळं आलं. वाङ्मयेतिहासात ती उरली एका प्रेमप्रकरणाची नायिका म्हणून. कुणा प्राध्यापकाच्या चरित्रातली तळटीप म्हणून.

हे चित्र बदललं १९७० नंतर. एका माणसानं बदललं नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसनला जर्मन शिकणाऱ्या-शिकवणाऱ्या बायका १९७० च्या दशकाच्या मध्याला एकत्र आल्या आणि 'विमेन इन जर्मन' ही संघटना उभी राहिली. पश्चिम बर्लिनच्या विद्यापीठात १९७६ च्या उन्हाळ्यात बायकांनी बायकांसाठी खुलं विद्यापीठ भरवलं, विषय होता 'स्त्रिया आणि ज्ञान'. १९७८ साली गिझेला ब्रिंकर-गाबलर यांनी सोळाव्या शतकापासूनच्या जर्मन कवयित्रींचा संग्रह काढला, तोही खिशाला परवडेल अशा कागदी बांधणीत. हे मला फार मोलाचं वाटतं. शिकवायचं म्हटलं की आधी मुलांच्या हातात पुस्तक लागतं. कवयित्री होत्याच कुठं, असं म्हणणाऱ्या प्राध्यापकाला व्याख्यान देऊन गप्प करता येत नाही. टेबलावर पुस्तक ठेवलं की होतो.

१९७९ साली सिल्विया बोव्हेनशेन यांचा 'कल्पिलेलं स्त्रीत्व' हा ग्रंथ आला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की वाङ्मयात बाई जागोजाग आहे. देवी आहे, चेटकीण आहे, भोळी पोर आहे. पण ती कुणीतरी कल्पिलेली. लिहिणाऱ्या बाईचा शोध घ्यायला गेलात तर पानं कोरी. ग्युंडेरोडेच्या बाबतीत तर याच्याही पुढची गंमत. ती लिहिणारी असून तिला कल्पिलेली करून टाकलं होतं.

त्याच १९७९ साली पूर्व जर्मनीतून ख्रिस्ता वोल्फ यांनी दोन पुस्तकं दिली. एकात ग्युंडेरोडेच्या कविता, गद्य आणि पत्रं, वर लांबलचक निबंध. दुसरी कादंबरी. १८०४ च्या जून महिन्यात विंकेलला एका चहापानात कवी क्लायस्ट आणि ग्युंडेरोडे भेटतात, अशी कल्पना. ही भेट झाल्याचा पुरावा नाही. पण १९७६ साली गायक-कवी वोल्फ बियरमान यांना पूर्व जर्मनीच्या सरकारनं नागरिकत्व काढून घेऊन देशाबाहेर ठेवलं, त्याविरुद्ध सही करणाऱ्यांत ख्रिस्ता वोल्फ होत्या. लिहिणाऱ्याला पायाखाली जमीन नसणं म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकात शोधावं लागलं नाही. दोन्ही जर्मनींत ही पुस्तकं वाचली गेली आणि ग्युंडेरोडे वर्गात आली.

पण वर्गात आली ती कोण म्हणून? सुरुवातीला तिथंही तिच्या मरणाचीच चर्चा. आधी ती प्रेमाचा बळी होती, आता समाजाचा बळी झाली. बळीपण काही सुटेना. वोल्फबाईंबद्दल पुरता आदर ठेवूनही मला हे म्हणावंसं वाटतं. कवीला त्याच्या शेवटच्या दिवसावरून वाचणं हा त्याच्यावर अन्यायच. पुढं वाल्टर मॉर्गेनथालर यांनी १९९०-९१ मध्ये तिच्या समग्र लेखनाची तीन खंडांची चिकित्सक आवृत्ती काढली. तेव्हा कुठं अभ्यासाच्या वह्या, टिपणं, पाठभेद समोर आले आणि प्रश्न बदलला. हिनं कुणावर प्रेम केलं, हा प्रश्न मागं पडून हिला काय म्हणायचं होतं, हा प्रश्न पुढं आला. पृथ्वीची कल्पना, मरणानंतर द्रव्यांचं पुन्हा मिसळणं, हा तिचा विचार तत्त्वज्ञानाच्या वर्गातही शिरला. कबरीवरचा भर्तृहरी आता नुसता उसासा वाटत नाही, तिच्या विचाराचा भाग वाटतो.

मला तिच्याकडं ओढलं ते तिच्या दुसऱ्या संग्रहातल्या नाटकानं. विषय आहे हजरत मुहंमद पैगंबरांचा. व्हॉल्टेरनं आपल्या नाटकात पैगंबरांना ढोंगी ठरवलं होतं आणि खुद्द गटेनं ते जर्मनमध्ये आणून १८०० साली वायमारच्या रंगभूमीवर आणलं होतं. पाचच वर्षांनी ही पंचविशीतली मुलगी 'तियान' या टोपणनावाआडून लिहिते आणि तिला दिसतो तो साक्षात्काराचं ओझं घेऊन झगडणारा माणूस. पैगंबरांना पात्र करणं आमच्या परंपरेत बसत नाही, मलाही ते अवघड जातं. पण तिच्या काळातल्या नामवंतांपेक्षा तिची नजर स्वच्छ होती, हे मान्य करायला हवं. अ‍ॅना इझिकिएल यांनी हा संग्रह २०१६ साली इंग्रजीत आणला. आता जर्मन न येणाऱ्यालाही तो वाचता येतो.

दुसरीकडं 'मेलेटे'मध्ये तिचं एक सुनीत आहे, मलबारच्या विधवांवर. मलबार म्हणजे त्या काळच्या युरोपीय बोलीत दक्षिणेकडचा कुठलाही हिंदुस्थान. विधवा चितेवर चढतात आणि कवयित्रीला त्यात प्रेमाचं अखेरचं मीलन दिसतं. आता थेऊरला १७७२ साली माधवराव पेशव्यांच्या मागं रमाबाई सती गेल्या, ते वृंदावन पाहिलेल्या मराठी माणसाला हे सुनीत गोड कसं लागावं? फ्रँकफर्टच्या खोलीत कोंडलेल्या बाईला दूर देशातल्या बाईची चिता सुटकेसारखी दिसली. त्या चितेवरच्या बाईला कुणी विचारलं होतं का, हे तिनं विचारलं नाही.

स्त्रीवादी अभ्यासकांपुढं ही अडचण आहेच. शंभर वर्षं दाबलेलं पुस्तक सोडवून आणावं आणि त्यात हे निघावं. काहींना वाटेल, एवढं एक सुनीत वगळू या. माझं मत तसं नाही. क्रॉयट्सरांनी एकदा वगळून पाहिलं आहे. सुनीत वर्गात वाचावं, शेजारी १८२९ चा सतीबंदीचा कायदा ठेवावा आणि मुलींना बोलू द्यावं. ग्युंडेरोडेशी कडाडून भांडावं. तिच्या हयातीत तिच्या लेखनाशी असं भांडणारे तिला फार थोडे मिळाले.