मेंदूतला रक्तस्राव : आधी सीटी स्कॅन, मग गोळी

आपल्या घरांत याला कुणी फालिज म्हणतं, कुणी लकवा, तर खेड्यात ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतात. बोलताना सगळं एकच वाटतं, पण आजार दोन आहेत. मेंदूला रक्त नेणाऱ्या नळीत गुठळी अडकली की तिथला भाग रक्ताविना मरू लागतो. नळी फुटली तर रक्त मेंदूतच साचतं आणि आजूबाजूचा भाग दाबला जातो. या दुसऱ्या प्रकाराला डॉक्टर ब्रेन हॅमरेज म्हणतात. गुठळीचे रुग्ण जास्त असतात, पण जीवाला धोका हॅमरेजमध्ये मोठा. 10 पैकी साधारण 4 रुग्ण पहिल्या महिन्यातच दगावतात.

बाहेरून पाहिलं तर दोन्ही सारखेच. अब्बा फजरला उठतात, वजू करताना हातातून लोटा निसटतो, तोंड एका बाजूला ओढल्यासारखं होतं, बोललेलं कळत नाही. हॅमरेजमध्ये जोराचं डोकं दुखणं, उलटी आणि लगेच गुंगी जास्त दिसते, पण तेवढ्यावरून मोठा डॉक्टरही खात्रीनं सांगू शकत नाही. सीटी स्कॅनमध्ये ताजं रक्त पांढरं दिसतं, तेव्हाच उलगडा होतो.

म्हणून एक गोष्ट घरात सगळ्यांना सांगून ठेवा. स्कॅन होईपर्यंत रक्त पातळ करणारी गोळी द्यायची नाही. हार्ट अटॅकमध्ये ॲस्पिरिन चालते हे ऐकून लोक लकव्यातही देतात. गुठळी असेल तर ती पुढे डॉक्टर देतीलच, पण रक्तस्राव असेल तर तीच गोळी तो वाढवू शकते. घरातली बीपीची गोळी जिभेखाली ठेवणं, बोटाला सुई टोचून रक्त काढणं, कांदा हुंगवणं, यातही फक्त वेळ जातो.

पाण्याचंही तसंच. अशा वेळी ओठांना जमजम लावावं, दम केलेलं पाणी पाजावं असं मनात येतं, त्यामागची माया आम्हाला कळते. पण झटक्यात गिळण्याची ताकद जाते आणि दोन घोटही फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. दुआ करा, पण डॉक्टर गिळणं तपासेपर्यंत तोंडात काही घालू नका. उलटी होत असेल किंवा शुद्ध हरपली असेल तर कुशीवर झोपवा. त्रास नेमका किती वाजता सुरू झाला ते लिहून घ्या आणि रोजच्या गोळ्यांची पिशवी सोबत घ्या.

आता जायचं कुठं? 108 ला फोन करा. आपला जिल्हा 8 तालुक्यांचा आणि लांबलांब पसरलेला. धाराशिव शहरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, पण मेंदूच्या ऑपरेशनची गरज लागली की बहुतेक वेळा सोलापूर किंवा लातूर गाठावं लागतं. उमरगा-लोहाऱ्याकडचे लोक लातूर पाहतात, परांडा-भूमकडचे बार्शी आणि पुढे सोलापूर. धाराशिवहून सोलापूर सत्तरेक किलोमीटर आहे. आधी गल्लीतल्या दवाखान्यात सलाईन, मग तालुक्याला, मग जिल्ह्याला, असं करत सकाळची दुपार होते. निघतानाच फोन करून विचारा, ‘सीटी आत्ता सुरू आहे का?’ लकव्याच्या जडीबुटीसाठी प्रसिद्ध गावांकडे गाडी वळवणं तर या वेळी अजिबात नको.

दवाखान्यात पहिलं काम बीपी खाली आणण्याचं. वरचा आकडा 140 च्या आसपास लवकर आणला, साखर आणि ताप ताब्यात ठेवले, रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा असर उतरवला, तर रुग्ण सावरण्याची शक्यता वाढते. भारतासह 10 देशांत झालेल्या आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात हे दिसलं. नातेवाईक मात्र एकच विचारतात, ‘ऑपरेशन कधी?’ प्रत्येकाला ऑपरेशन लागत नाही. रक्त खोल भागात आणि थोडं असेल तर शरीर ते हळूहळू शोषून घेतं. लहान मेंदूत मोठा रक्तस्राव असेल किंवा मेंदूत पाणी तुंबलं असेल तर ते तातडीनं लागू शकतं. आणखी एक, ‘आता काही उरलं नाही, घरी न्या’ हा निर्णय पहिल्या एक-दोन दिवसांत घाईनं घेऊ नका. इतक्या लवकर अंदाज पुष्कळदा चुकतो.

नळी फुटते कशानं? बहुतेकदा वर्षानुवर्षांच्या बीपीनं. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट 12 एप्रिल 1945 रोजी ‘डोकं भयंकर दुखतंय’ म्हणत कोसळले, तेव्हा त्यांचं बीपी 300/190 च्या वर होतं. त्या काळी बीपीवर धड औषधच नव्हतं. आज ॲम्लोडिपिनसारखी गोळी प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळते आणि आपण ‘आता बरं वाटतंय’ म्हणून बंद करतो! बीपी दुखत नाही, त्यामुळे बरं वाटण्याला इथं काही अर्थ नाही. जेवणातलं लोणचं-पापड, बेकरीची खारी, गुटखा, तंबाखू आणि बायकांची मिशरी, हेही त्यात भर घालतात.

रमजानमध्ये गोळी सुटण्याचे प्रकार फार होतात. बीपीच्या बऱ्याच गोळ्या 24 तासांत एकदाच घ्यायच्या असतात, त्या सहरी किंवा इफ्तारला बसवता येतात. लघवी वाढवणारी गोळी असेल तर उन्हाळ्यात वेळ बदलावी लागते. रमजानच्या पंधरा दिवस आधी डॉक्टरांना भेटून हे ठरवा. नुकताच झटका येऊन गेला असेल तर रोजाबद्दलही त्यांनाच विचारा. आजारी माणसाला रोजा नंतर ठेवण्याची सवलत दीनमध्येच आहे.

घरी आल्यावर दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर पाठीला जखमा होतात. पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सुधारणा सर्वांत जास्त होते, म्हणून व्यायामाचे दिवस चुकवू नका. खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. भरती होतानाच रेशन कार्ड आणि आधार घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटा. दवाखाना योजनेत आहे का, हे बिल हातात पडायच्या आधी विचारलेलं बरं.