गारगोटी, कोठारी आयोग आणि एक मीटर काठीची सावली

आजच्या भागात राजा नाही की लढाई नाही. एक खेड्यातली संस्था आहे, एक सरकारी अहवाल आहे आणि एक प्रश्न आहे : पृथ्वी, आकाश आणि पर्यावरण मुलांना शिकवायचं, तर सुरुवात कुठून करायची?

आपण चाललोय गारगोटीला. भुदरगड तालुक्याचं ठिकाण, कोल्हापूरच्या दक्षिणेला, वेदगंगेच्या काठी. इथे १९५० मध्ये श्री मौनी विद्यापीठ सुरू झालं. नाव पाटगावच्या मौनी महाराजांचं. संस्थापक डॉ. जे. पी. नाईक, जन्म १९०७ चा, शेजारच्या आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचा. शिक्षणासाठी खेड्यातल्या पोरानं शहर गाठायचं, ही तेव्हाची रीत. नाईकांनी उलटं केलं, शिक्षणच खेड्यात आणलं.

त्या काळात या विचाराला देशपातळीवरही जोर होता. १९४८-४९ च्या राधाकृष्णन आयोगाने ग्रामीण विद्यापीठांची शिफारस केली होती. त्या आयोगावर आर्थर मॉर्गन नावाचे एक अमेरिकन होते, पेशाने धरणं बांधणारे इंजिनिअर. मी स्वतः बीटेक, त्यामुळे हे वाचून जरा बरं वाटलं! पुढे १९५६ मध्ये केंद्र सरकारने ग्रामीण उच्च शिक्षणाच्या संस्था निवडल्या, तेव्हा श्रीनिकेतन आणि गांधीग्रामच्या यादीत आपली गारगोटीही होती.

आता येऊ १९६४ ला. देशाच्या सगळ्या शिक्षणाचा विचार करायला आयोग नेमला गेला. अध्यक्ष डॉ. दौलतसिंग कोठारी. हे भौतिकशास्त्रज्ञ. श्वेत बटू तारे, म्हणजे इंधन संपून आकसलेले तारे, हा त्यांच्या संशोधनाचा विषय. आणि सदस्य-सचिव कोण? जे. पी. नाईक. म्हणजे बघा, एक जण ताऱ्यांचा अभ्यासक आणि दुसरा गारगोटीत संस्था उभी करून आलेला. जून १९६६ मध्ये अहवाल सादर झाला.

त्यात काय होतं? पहिली दहा वर्षं विज्ञान आणि गणित प्रत्येक मुलाला सक्तीचं. लहान वर्गांत विज्ञानाची सुरुवात मुलाच्या आजूबाजूच्या परिसरापासून. वरच्या प्राथमिक वर्गांत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र यांच्या जोडीला भूशास्त्र आणि खगोलशास्त्र. आणि खेड्यातल्या शाळेत विज्ञानाची सांगड शेतीशी. थोडक्यात, पायाखालचा दगड आणि डोक्यावरचा तारा हे दोन्ही विज्ञानच.

मग झालं काय? बऱ्याच गोष्टी झाल्या. याच आयोगाच्या शिफारशीतून १९६७ मध्ये बालभारती आली. 'परिसर अभ्यास' आला. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा विषय सक्तीने शिकवायला सांगितला. २०१८ च्या आठवीच्या विज्ञानात ताऱ्यांची जीवनयात्रा आहे, तिच्यात कोठारींचे श्वेत बटू तारेही भेटतात. पण वेळापत्रकात या सगळ्याचे तुकडे पडले. तारे विज्ञानाच्या तासाला, खडक भूगोलाच्या तासाला, पर्यावरण प्रकल्पाच्या वहीत. दहावीचा भूगोल भारत आणि ब्राझीलची तुलना करतो. ती जरूर करावी. पण ॲमेझॉन पाठ असलेल्या मुलाला वेदगंगेच्या खोऱ्याचा नकाशा काढता येतो का, हे कुठल्याच पेपरात विचारत नाहीत.

याने काय बिघडतं? १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री याच भुदरगड तालुक्यातला मेघोलीचा तलाव फुटला. एका महिलेचा जीव गेला, जनावरं वाहून गेली, पिकांबरोबर शेतातली मातीही गेली. एका धड्याने तलाव फुटायचा थांबत नाही. तरी मातीच्या बांधातून पाणी कसं झिरपतं, हे तलावाखाली राहणाऱ्या प्रत्येक मुलाला माहीत असायला हवं. गळतीचं पाणी गढूळ यायला लागलं, तर ते बांधातली माती सोबत आणतंय, म्हणजे बांध आतून पोखरला जातोय. ही धोक्याची खूण. सांगा, हा धडा भूगोलाचा, विज्ञानाचा की पर्यावरणाचा?

आकाशाचंही तसंच. 'शून्य सावली दिवस' तुम्ही रील्समध्ये पाहिला असेल. गारगोटीत तो येतो मेच्या पाच-सहा तारखेला आणि पुन्हा ऑगस्टच्या सात-आठ तारखेला. मे महिन्यात शाळेला सुट्टी, ऑगस्टमध्ये आभाळ गच्च! आणि दिल्लीत तर तो कधीच येत नाही, कारण दिल्ली कर्कवृत्ताच्या उत्तरेला आहे. म्हणजे एकच प्रयोग, एकच तारीख सगळ्या देशाला देऊन भागत नाही. आपल्या गावाचं आकाश आपल्यालाच बघावं लागतं.

मग गारगोटीच्या शाळेला जमेल असा दिवस कोणता? २१ मार्च. त्या दिवशी सूर्य विषुववृत्तावर असतो. मैदानात एक मीटरची काठी सरळ उभी करा. सगळ्यात आखूड सावली पडेल दुपारी १२ वाजून ४० मिनिटांच्या सुमारास, बाराला नाही. कारण आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर लावलंय, गारगोटी ७४ अंशांवर आहे, आणि एका अंशाला सूर्य चार मिनिटं घेतो. झाली ३४ मिनिटं. उरलेली सहा-सात पृथ्वीच्या लंबवर्तुळी कक्षेची आणि कललेल्या अक्षाची.

सावली भरेल साधारण २९ सेंटीमीटर. फोनच्या कॅल्क्युलेटरवर ०.२९ चा टॅन इन्व्हर्स काढा. उत्तर सुमारे १६ अंश, म्हणजेच गारगोटीचं अक्षांश. नाशिकच्या मित्राला त्याच दिवशी मोजायला सांगा, त्याची सावली ३६ सेंटीमीटरच्या आसपास येईल. दोन्ही कोनांतला फरक आणि दोन्ही गावांमधलं दक्षिण-उत्तर अंतर घेतलं की पृथ्वीचा परीघ निघतो. इरॅटोस्थेनिसने सुमारे २२०० वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये हेच केलं होतं. आपल्याला खर्च किती? एक काठी आणि एक मोजपट्टी.

नाईक १९८१ मध्ये गेले. अहवाल आजही वाचायला मिळतो, मौनी विद्यापीठ आजही गारगोटीत उभं आहे. येत्या २१ मार्चला घरातल्या एखाद्या शाळकरी मुलाला सोबत घ्या, सावली मोजा, गावाचं नाव आणि आकडा आम्हाला पाठवा. दक्षिणेकडून उत्तरेकडे गावं लावू आणि पुढच्या एका भागात सगळे मिळून पृथ्वी मोजू. तोवर, भेटत राहू!