स्वतःच्या गाडीने कान्हा : पाहुण्यांसाठी आणि यजमानांसाठी माहिती

दिवाळी जवळ आली की आपल्या मंडळाच्या सभासदांकडे एकच विचारणा होते : "आम्ही गाडी घेऊन येतोय, कान्हा दाखवाल ना?" बिरसा, मलाजखंड, बैहर भागात राहणाऱ्या आपल्या घरांना मुक्की गेट जवळचे. म्हणून पाहुण्यांची व्यवस्थाही आपल्यावरच येते. दरवर्षी तीच माहिती फोनवर सांगण्यापेक्षा ती एका ठिकाणी असावी, म्हणून हा लेख.

स्वतःची गाडी कुठपर्यंत?

बऱ्याच जणांचा गैरसमज इथेच होतो. दक्षिण आफ्रिकेतील क्रूगर उद्यानात पर्यटक स्वतःची गाडी चालवत हत्ती-सिंह पाहतात. डांबरी रस्त्यावर ताशी ५० आणि कच्च्या रस्त्यावर ४० किलोमीटरची मर्यादा पाळली की झाले. परदेशात राहणाऱ्या आपल्या मुलांना तेच डोळ्यांसमोर असते. कान्हात तसे नाही. खाजगी गाडी गेटबाहेर उभी करावी लागते. आत नोंदणीकृत जिप्सी, तिचा चालक आणि सोबत वनविभागाचा गाईड, अशीच सफारी होते. तेव्हा आपली गाडी गेटपर्यंतच्या प्रवासासाठी आहे, हे पाहुण्यांना आधीच सांगावे.

कधी जावे?

१ जुलै ते ३० सप्टेंबर पावसामुळे उद्यान बंद असते. बुधवारी दुपारची फेरी नसते. सकाळची फेरी सूर्योदयाबरोबर सुटते, म्हणून ऋतूप्रमाणे वेळ बदलते. डिसेंबर-जानेवारीत मैदानांवर दव गोठते. उघड्या जिप्सीत त्या थंडीत तीन-चार तास बसायचे असते. कानटोपी, हातमोजे आणि एक घोंगडी हवीच. एप्रिल-मेमध्ये ऊन कडक, पण जनावरे पाणवठ्यावर येतात, त्यामुळे दिसण्याची शक्यता वाढते.

परवाना

परवाना मध्य प्रदेश वनविभागाच्या ऑनलाइन आरक्षणातून काढावा. दिवाळी, नाताळ आणि होळीच्या सुट्ट्यांचे परवाने फार आधी संपतात. आधी परवाना, मग रजा आणि मुक्काम, हा क्रम ठेवावा. कोअर भागाचा परवाना मिळाला नाही तर बफर भागातील फेरीचा पर्याय पाहावा.

खर्चाची तीन खाती असतात : परवाना, जिप्सीचे भाडे आणि गाईडचे शुल्क. परवाना निघाला म्हणजे सगळे पैसे भरले, असे समजू नये. दर बदलत असतात, ते आरक्षणाच्या वेळीच पाहावेत. एका जिप्सीत सहा पर्यटक बसतात. सहा जण मिळून गेले तर खर्च वाटला जातो. सात झाले तर दुसऱ्या गाडीचा हिशेब करावा लागतो.

नाव आणि ओळखपत्र

हा भाग जरा विस्ताराने लिहितो, कारण इथे मी स्वतः चुकलो आहे. काही वर्षांपूर्वी पुण्याहून मेहुणे आले. अर्ज मी भरला. सासूबाईंचे नाव घरात सगळे म्हणतात तेच लिहिले आणि त्यांचे आधार कार्ड घरीच कपाटात राहिले. पहाटे गेटवर नाव जुळेना, मूळ कार्ड दाखवता येईना. नियमाप्रमाणे त्यांना आत सोडले नाही. उभा जन्म बँकेत लोकांची केवायसी तपासण्यात गेला आणि घरच्याच माणसाची राहिली. आम्ही आत गेलो, त्या गेटपाशी चहा घेत बसल्या. परत आल्यावर "दिसला का?" एवढेच त्यांनी विचारले. वाघ दिसला नव्हता. पुन्हा त्यांना नेण्याचा योग आला नाही.

म्हणून यजमानांनी एवढे करावे :

- प्रत्येकाच्या ओळखपत्राचा फोटो मागवून त्यावरील नाव आणि क्रमांक अक्षर न अक्षर जुळवून अर्ज भरावा.
- अर्जात जे ओळखपत्र लिहिले तेच मूळ स्वरूपात सोबत असावे.
- परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांचा पासपोर्ट लागतो. त्यांचे शुल्क वेगळे असू शकते.
- आदल्या रात्री सगळी कार्डे आणि परवान्याची छापील प्रत एका पाकिटात घालून घरातील एकाच जबाबदार माणसाकडे द्यावी.

रस्ता

नागपूरहून भंडारा, गोंदिया, बालाघाट, बैहर असा मार्ग धरल्यास जेवणखाण धरून सहा-सात तास लागतात. बालाघाट ते बैहर रस्त्यावर घाट आहे. वळणांवर सावकाश चालवावे. रायपूरचे पाहुणे कवर्धा-चिल्पीमार्गे येतात. बैहरच्या पुढे जाण्याआधी टाकी भरावी, रोख रक्कम काढून ठेवावी, स्टेपनीची हवा तपासावी. पुढे मोबाइलची रेंज सगळीकडे मिळत नाही, तेव्हा नकाशा आधीच उतरवून घ्यावा.

अंधार पडायच्या आत मुक्काम गाठावा. जंगलातील रस्त्यांवर संध्याकाळनंतर नाके बंद होऊ शकतात. शिवाय चितळ, रानडुक्कर एकाएकी समोर येतात. एक चितळ पळाले की मागून कळप येतोच, म्हणून लगेच वेग वाढवू नये. रस्त्यात गाडी थांबवून माकडांना खायला घालू नये.

आत काय पाहावे?

"वाघ दिसला तरच सफारी" असे मुलांना शिकवू नये. कान्हाचे खरे वैभव म्हणजे कडक जमिनीवरचा बारासिंगा. १९७० च्या सुमारास त्याची संख्या अवघी ६६ वर आली होती. कुंपण घातलेल्या जागेत जपणूक, गवताच्या मैदानांचे रक्षण आणि गावांचे पुनर्वसन यांमुळे हा प्राणी वाचला. आज तो मध्य प्रदेशाचा राज्यप्राणी आहे. ती मैदाने मोकळी व्हावीत म्हणून आपल्या शेजारच्या बैगा आणि गोंड कुटुंबांनी गावे सोडली, हेही मुलांना सांगावे. ज्येष्ठांना श्रवणतालाची कथा आवडते : दशरथाच्या बाणाने श्रवणकुमार इथेच पडला, असे मानतात.

जिप्सीतून उतरू नये, मोबाइल बंद ठेवावा, भडक कपडे आणि अत्तर टाळावे. आपल्या घरी आलेला पाहुणा जसा वागावा असे आपल्याला वाटते, तसेच आपण जंगलात वागावे.