खंड आणि खंडणी

‘खंडणी’ हा शब्द मराठी मुलखाला नवा नाही. बखरींतून आणि जुन्या पत्रव्यवहारांतून तो पदोपदी भेटतो. त्याचाच सख्खा भाऊ ‘खंड’, म्हणजे जमीन कसणाऱ्याने मालकाला वर्षाकाठी द्यावयाची ठरीव रक्कम. एक धाकाची वसुली, दुसरे कराराचे भाडे. संगणकातील फायली ओलीस धरून पैसे उकळण्याचा जो धंदा आज ‘रॅन्समवेअर’ म्हणून ओळखला जातो, त्याचा पहिला ज्ञात अवतार मात्र खंडणीच्या नव्हे, तर खंडाच्या वेशात आला होता.

डिसेंबर १९८९ मध्ये लंडनहून सुमारे २०,००० फ्लॉपी टपालाने रवाना झाल्या. त्या मिळालेल्यांत एका संगणकविषयक नियतकालिकाचे वर्गणीदार होते आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या एड्स परिषदेला उपस्थित राहिलेले लोकही होते. फ्लॉपीवरील चिठ्ठी एड्सविषयी माहिती देण्याचे आश्वासन देत होती. त्या रोगावर तेव्हा खात्रीचा उपचार नव्हता. अफवा आणि भीती मात्र उदंड होती. अशा काळात ती फ्लॉपी संगणकात सरकवण्याचा मोह कोणाला आवरला असता? आणि आतला कार्यक्रम खरोखरच प्रश्न विचारीत असे व उत्तरांवरून रोगाचा धोका किती ते सांगत असे. सोबत कराराचा एक कागदही होता. त्यानुसार ३६५ वेळा वापरण्याचे भाडे १८९ डॉलर आणि कायमच्या वापराचे ३७८ डॉलर. रक्कम पनामातील एका टपालपेटीवर पाठवावयाची. भाडे न भरणाऱ्याचा संगणक नीट चालणार नाही, अशी ताकीदही त्यात स्पष्ट दिलेली होती. असे करारनामे कोणी वाचत नाही हे गृहीतक तेव्हाही तितकेच पक्के होते!

संगणक सुरू होताना जी ‘ऑटोएक्झेक’ ही फाइल आपोआप चालते, तिच्या जागी हा कार्यक्रम स्वतःची फाइल बसवीत असे आणि मुकाट्याने मोजत राही. साधारण नव्वदाव्या वेळी फायलींची नावे अगम्य अक्षरांत बदलत, त्या दृष्टीआड होत आणि प्रिंटर चालू करण्याची आज्ञा पडद्यावर येई. मग कागदावर भाड्याचे बिल छापून निघे.

या उद्योगामागचे नाव निघाले जोसेफ पॉप यांचे. हे हार्वर्डमध्ये शिकलेले, बबून वानरांचा अभ्यास केलेले उत्क्रांतिशास्त्रज्ञ. १९९० च्या आरंभी त्यांना ओहायोत अटक झाली आणि पुढे ब्रिटनच्या हवाली करण्यात आले. पण त्यांची मानसिक अवस्था पाहून १९९१ मध्ये न्यायालयाने ते खटल्यास सामोरे जाण्यास अपात्र ठरवले. मिळणारा पैसा एड्सच्या संशोधनाला देण्याचा आपला विचार होता, असे त्यांचे म्हणणे होते. ते कितपत खरे मानावे, हा ज्याचा त्याचा प्रश्न. मला मात्र ज्यांनी घाबरून अख्खी डिस्क पुसून टाकली त्यांची हळहळ अधिक वाटते. कारण जिम बेट्स या ब्रिटिश तज्ज्ञाने कार्यक्रम उलगडून पाहिला, तेव्हा दिसले की फायलींतील मजकुराला धक्काही लागलेला नव्हता. बदलली होती ती केवळ नावे, आणि ती पूर्ववत करण्याची किल्ली त्याच कार्यक्रमात पडून होती. बेट्स यांनी उतारा तयार करून फुकट वाटला.

पॉप यांचे कुलूप कच्चे होते, कारण लावण्याची आणि उघडण्याची किल्ली एकच. ही उणीव १९९६ मध्ये अॅडम यंग आणि मोती युंग या दोन संशोधकांनी एका निबंधात नेमकी दाखवली. नुसते दाबले की बसणारे कुलूप डोळ्यांसमोर आणावे. ते कोणीही लावू शकतो, किल्ली मात्र एकाच्याच खिशात. सार्वजनिक किल्लीच्या गणिताने हे साधते. फायली एका तात्पुरत्या किल्लीने बंद करावयाच्या, आणि ती किल्ली हल्लेखोराच्या सार्वजनिक किल्लीने. उघडणारी खासगी किल्ली बळीच्या संगणकावर कधी येतच नाही. मग बेट्ससारख्याने उलगडून उलगडून काय उलगडावे? दोघांनी हे लिहिले ते धोक्याची सूचना म्हणून. सूचना कोणकोण वाचते, हे लिहिणाऱ्याच्या हाती नसते.

उरला प्रश्न वसुलीचा. पनामाची टपालपेटी माग काढणाऱ्यांना सापडते. २००९ मध्ये बिटकॉइन आले आणि तीही अडचण सरली. २०१३ च्या ‘क्रिप्टोलॉकर’ने गणित आणि चलन दोन्ही जुळवले, वर ७२ तासांची मुदत घातली. येथे खंडाचा वेश गळून पडला. करारनामा नाही, भाडे नाही. उघड खंडणी, आणि तीही घड्याळ लावून.

२७ जून २०१७ रोजी युक्रेनमधील हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरमधून ‘नॉटपेट्या’ सुटला आणि मर्स्क या जहाज कंपनीच्या जगभरच्या कार्यालयांत शिरला. पडद्यावर ३०० डॉलरची मागणी होती, पण ते सोंग होते. पैसे देणाऱ्यालाही फायली परत मिळण्याची सोय त्यात मुळात ठेवलेलीच नव्हती. मर्स्क समूहाचे एक टर्मिनल आपल्या न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरात आहे. तेथील कामही ठप्प झाले. कंटेनर शाबूत होते, आतला मालही जागच्या जागी होता. फक्त कोणता कंटेनर कोणाचा, हे सांगणारी यंत्रणा गेली होती. कर्मचारी हाताने नोंदी करू लागले, आणि बाहेर मालमोटारींच्या रांगा लागल्या.