एका कागदावरचे दोन भाव

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मोटारीची विमा पॉलिसी आपण सांभाळून ठेवतो, पण वाचतो क्वचितच. आज ती एकदा कपाटातून काढून पाहा. त्या एकाच कागदावर दोन हप्ते दिसतील. एक आपल्या गाडीच्या नुकसानीचा, दुसरा आपल्या गाडीमुळे तिऱ्हाइताला होणाऱ्या हानीचा, म्हणजे थर्ड पार्टीचा. पहिला हप्ता कंपनी ठरवते, दुसरा सरकार. असे का, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

थर्ड पार्टी विमा आपल्याकडे १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीचा केला आणि ती तरतूद १९४६ मध्ये लागू झाली. पुढे १ जानेवारी १९७३ पासून सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले. १०७ विमा कंपन्यांच्या चार सरकारी कंपन्या झाल्या. दरपत्रक मात्र टॅरिफ अॅडव्हायझरी कमिटीचे. गाडी कुठल्या शहरातली, इंजिन केवढे, वय किती, यावर दर ठरे. २००२ च्या दरपत्रकानुसार मुंबई-पुण्यात हजार सीसीपर्यंतच्या आणि पाच वर्षांच्या आतल्या मोटारीला किमतीच्या ३.१२७ टक्के आकारणी होती. तीन लाखांच्या गाडीला ९,३८१ रुपये. कुठल्याही कंपनीच्या दारात जा, मूळ दर तोच. घासाघीस करायला वाव नव्हता, तसा गोंधळही नव्हता.

मल्होत्रा समितीने १९९४ मध्ये हे क्षेत्र खुले करण्याची शिफारस केली. २००० च्या अखेरीस खासगी कंपन्यांना परवाने मिळू लागले. तरी दरपत्रक टिकून होते. ते सुटले १ जानेवारी २००७ रोजी, तेही अर्धेच. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दर मोकळा झाला, थर्ड पार्टीचा बांधलेलाच राहिला.

ग्राहकाला काय मिळाले? सवलत मिळाली, हे नाकारता येणार नाही. एकाच गाडीला दोन कंपन्या दोन आकडे सांगू लागल्या आणि चौकशी करणाऱ्याचे पैसे वाचले. पण आकडा कमी करण्याचे मार्ग अनेक असतात. एक मार्ग असा, की गाडीची विमा किंमत, म्हणजे आयडीव्ही, थोडी खाली धरायची. चार लाखांची गाडी साडेतीन लाखांची दाखवली की हप्ता उतरतो. गाडी चोरीला गेली की मग कळते, पन्नास हजारांवर आपण आधीच पाणी सोडले होते. दुसरी गोष्ट घसाऱ्याची. नेहमीच्या पॉलिसीत प्लॅस्टिकच्या भागांवर पन्नास टक्के घसारा कापतात. बंपर दहा हजारांचा असेल तर निम्मे पैसे आपल्या खिशातून जातात. ते वाचवायचे तर ‘झिरो डेप’ ही जोड वेगळे पैसे देऊन घ्यावी लागते. पूर्वी दर पाहण्याची दक्षता कमिटी घेत होती, आता ती आपल्यालाच घ्यावी लागते.

मग थर्ड पार्टीचा दरही मोकळा का केला नाही? कारण तिथे ज्याच्यासाठी विमा आहे, तो काउंटरवर नसतोच. आपल्या गाडीखाली सापडणारा सायकलस्वार कंपनी निवडत नाही, घासाघीस करत नाही. स्पर्धा सांभाळते ती पैसे मोजणाऱ्याला. शिवाय मृत्यू आणि इजेच्या भरपाईला पॉलिसीत वरची मर्यादा नसते. त्यामुळे ट्रकसारखी तोट्याची वाहने कंपन्यांना नकोशी होती. म्हणून एप्रिल २००७ मध्ये व्यापारी वाहनांच्या थर्ड पार्टी विम्याचा सामायिक निधी, म्हणजे ‘पूल’, उभा केला. तोटा सगळ्या कंपन्यांनी वाटून घ्यायचा, पण ट्रकवाल्याला दारातून परत पाठवायचे नाही. हा पूल मार्च २०१२ पर्यंत चालला. २०१२ नंतर त्याची जागा कंपन्यांनी नाकारलेल्या वाहनांपुरत्या मर्यादित पूलने घेतली.

तेव्हा पुढच्या वेळी नूतनीकरण करताना आधी आयडीव्ही सारखी करून घ्या, मग हप्त्यांची तुलना करा. घसाऱ्याचे कलम एजंटाकडून वाचून घ्या. आणि थर्ड पार्टीचा हप्ता भरताना कुरकुर करू नका. तो आपल्यासाठी नाही, रस्ता ओलांडणाऱ्या कुणा अनोळखी माणसासाठी आहे. रस्त्यावर उतरलो की तो माणूस आपणही असू शकतो.