दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक

‘दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवून गोळी झाडणे’ हा वाक्प्रचार आपण एरवी राजकारणाच्या गप्पांत वापरतो. शिकारीच्या इतिहासात तो जवळजवळ शब्दशः खरा होता. संस्थानी काळातली शिकारीची छायाचित्रे आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. पुढे मारलेला वाघ, मागे ऐटीत उभे राहिलेले पाहुणे, आणि अगदी कडेला, कधी चौकटीत अर्धेच मावलेले, साफा बांधलेले दोन-तीन जण. फोटोपुरती बंदूक पाहुण्यांच्या हातात येई. जंगलातून तिथवर ती वाहून आणलेली असे ती या कडेच्या माणसांनी.

प्रश्न साधा आहे. चार-पाच किलोची, हातभर नळीची, जरा कुठे आपटली की बिघडणारी वस्तू दिवसभर डोंगरात न्यायची कशी? शिवाय पाणी, शिदोरी, घोंगडी, काडतुसे हेही न्यायचे असेल तर?

फौजेत या प्रश्नाला पर्याय नव्हता. आपल्या लष्कर भागातला कंपू ज्या फौजेची आठवण सांगतो, त्या शिंदेशाही पलटणींची कवायत महादजींच्या काळात द बॉइन या सरदाराने बसवली. त्या पायदळाच्या शिपायाची चकमकीची बंदूक सुमारे साडेचार किलोची. ती त्याने स्वतःच वाहायची, आणि दारूगोळ्याची पेटी, संगीन, पाण्याचे भांडे हे ओझे वेगळे. चालताना बंदूक कधी या खांद्यावर, कधी त्या खांद्यावर, नाहीतर चामड्याच्या पट्ट्याने लटकवलेली. यात सोय कमी आणि शिस्त जास्त. शिपायाच्या खांद्याला काय वाटते हे विचारायचा रिवाज जगातल्या कुठल्याच फौजेत नव्हता.

शिकारीत गोष्ट वेगळी झाली आणि त्यामागे सुरुवातीला खरेच कारण होते. ठासणीच्या बंदुकीत एक बार उडाला की पुन्हा दारू ओता, गोळी घाला, गज मारा. तोवर जखमी जनावर अंगावर येणार. म्हणून शिकाऱ्यामागे भरलेल्या बंदुका घेऊन दोन-तीन माणसे चालत आणि एक रिकामी झाली की दुसरी त्याच्या हातात देत. शिवाय मोठ्या जनावरांसाठीच्या बंदुका अवाढव्य. नाईलच्या उगमाच्या शोधात भटकलेला सॅम्युअल बेकर हा इंग्रज एक वीस पौंडांची, म्हणजे नऊ किलोंची, बंदूक बाळगून होता. तिला तो लाडाने ‘बाळ’ म्हणे! तिचा धक्का इतका जबरदस्त की ती उडवायला तो स्वतःच कचरत असे. असले बाळ कडेवर घेऊन कोण फिरणार? अर्थात पगारी माणूस.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मागून काडतूस भरायच्या बंदुका आल्या. पुढे १८९० नंतर बिनधुराच्या दारूमुळे नळी बारीक झाली आणि वजन उतरले. साडेतीन किलोंच्या रायफलीत चार-पाच गोळ्या एकदम मावू लागल्या. मागे भरलेली बंदूक घेऊन माणूस चालवण्याचे कारण बरेचसे संपले. माणूस मात्र चालतच राहिला, कारण एव्हाना तो गरजेचा नव्हे, इतमामाचा भाग झाला होता. साहेबाने स्वतः बंदूक वाहणे म्हणजे दिवाणाने स्वतः बस्ता काखोटीला मारून कचेरीत जाण्यासारखे.

आपल्या ग्वाल्हेर संस्थानात तर चालण्याचाच प्रश्न मिटवला गेला. माधवराव महाराज हे वाघाच्या शिकारीतले मोठे जाणकार. त्यांनी त्यावर इंग्रजीत मार्गदर्शक पुस्तकही लिहिले. शिवपुरीच्या जंगलात सख्यासागराच्या काठी शिकारीसाठी बांधलेली जागा आजही उभी आहे. आमिष बांधायचे, वाघ तिथे आणायचा, आणि पाहुण्याने बसल्या जागेवरून नेम धरायचा. बंदुकीचा पट्टा खांद्यात रुततो की नाही ही चिंता त्या पाहुण्याला कशी असणार? रान उठवणारे हाकेकरी मात्र काट्याकुट्यांतून पायी येत, आणि त्यांच्या हातात काठ्या आणि डबडी.

याच सुमारास युरोपातल्या आल्प्स पर्वतात गोष्ट उलटी होती. तिथे कड्यांवरच्या शॅमॉयमागे, म्हणजे शेळीच्या कुळातल्या त्या रानजनावरामागे, शिकारी बहुधा एकटा किंवा एखाद्या सोबत्याबरोबर चढे. ‘रकसॅक’ हा शब्द जर्मन भाषेतला. पाठ आणि पिशवी, एवढाच त्याचा अर्थ. पिशवी पाठीवर आणि बंदूकही त्याच माणसाजवळ, म्हणून सोयीचा खरा विचार तिथे झाला. पिशवीचा पट्टा खांद्यावर असताना त्यावर बंदुकीचा पट्टा टिकत नाही, दर दहा पावलांना घसरतो. मग लांब पट्टा मानेवरून तिरपा घेऊन बंदूक पाठीवर टाकायची. पण चढताना नळी वर असेल तर ती खडकाला लागते आणि पावसाचे पाणी आत जाते. नळी खाली केली तर पाणी जात नाही, पण उतारावर तिचे तोंड चिखलात किंवा बर्फात रुतते; तसाच बार काढला तर नळी फुटायचा धोका. यावर तिथल्या कारागिरांनी मधून मोडणारी हलकी एकबारी रायफल काढली. तिचे दोन भाग करायचे आणि पिशवीतच ठेवायचे. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला हा सर्वांत शहाणा उपाय. बर्फावर घसरत जाऊन नेमबाजी करण्याच्या बायॅथलॉन या खेळात आजही रायफल दप्तरासारखी दोन पट्ट्यांनी पाठीवर बांधतात. वजन दोन्ही खांद्यांवर सारखे पडले की हात मोकळे राहतात.

हिंदुस्थानात बंदूक स्वतः वाहणारा म्हणून ज्याचे नाव घ्यावे तो जिम कॉर्बेट. त्याच्याही सामानाला माणसे होतीच. रुद्रप्रयागच्या बिबट्यामागे फिरताना गढवाली हमालांची साथ होती. पण नरभक्षकाच्या मागावर असताना रायफल त्याच्याच हातात. चंपावतच्या वाघिणीला १९०७ साली मारल्यावर संयुक्त प्रांताचे नायब राज्यपाल हेवेट यांनी त्याला रिग्बी कंपनीची .२७५ रायफल भेट दिली. तिचे वजन साडेतीन किलोंच्या आसपास. त्याच्याकडे जेफरीची दुनळीही होती, पण ती बरीच जड.

हलक्या बंदुकीचे मोल त्याला ११ एप्रिल १९३० रोजी कळले. कुमाऊँच्या चौगढ भागात ६४ माणसे मारलेल्या वाघिणीच्या मागावर तो होता. वाटेत रातव्याची दोन अंडी दिसली. पक्ष्यांची अंडी जमवण्याचा त्याला छंद. ती त्याने डाव्या हातात घेतली. उजव्या हातात हलकी रायफल, छातीवर तिरपी धरलेली. एका मोठ्या खडकाला वळसा घालून खाली उतरला आणि उजव्या खांद्यावरून मागे पाहिले, तर वाघीण आठ फुटांवर! नळी नेमकी विरुद्ध दिशेला. खांद्यावर पट्ट्याने अडकवलेली असती तर ती काढेपर्यंतच खेळ संपला असता. त्याने एका हाताने, अगदी सावकाश, वाघिणीच्या नजरेत नजर ठेवून रायफल फिरवायला सुरुवात केली. हात भरून आला, तरी नळी फिरत राहिली आणि ती वाघिणीवर रोखली जाताच चाप ओढला.

पुढे त्याने स्वतःच हिशेब मांडला की आपण वाचलो ते अंड्यांमुळे आणि रायफल हलकी होती म्हणून. डावा हात मोकळा असता तर सवयीने त्याने दोन्ही हातांनी झटकन हालचाल केली असती, आणि वाघिणीने झेप घेतली असती. जड दुनळी एका हाताने तशी फिरलीच नसती. मागे बंदूक घेऊन चालणारा माणूस असता तर काय झाले असते, हे त्याने लिहिलेले नाही. आपण कल्पना करू शकतो.

वाघीण पडल्यावर कॉर्बेट माघारी गेला आणि ती दोन अंडी त्याने जिथून उचलली होती तिथेच पुन्हा ठेवली.